अस्थायी ऑफिसातला खिळा

अकरा वर्षांत त्यांनी ऑफिसच्या भिंतीत एकही खिळा ठोकला नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं असायचं. छत्र्या आणि पिशव्या खुर्च्यांच्या पाठीवर. घड्याळ टेबलावर भिंतीला टेकवून उभं केलेलं. ते चार-आठ दिवसांनी तोंडावर पडायचं, त्यामुळे आमच्याकडे वेळ नेहमी पाच-दहा मिनिटं मागे चालायची. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात घरून हातोडी आणि दोन खिळे घेऊन गेले. म्हटलं, ऑफिसात बाईमाणूस आल्याचं काहीतरी दिसू दे. हातोडी उगारलेली बघून ते खुर्चीतून उठलेच.

"काय करून राहिली?"

"घड्याळ लावते, सर."

"अस्थायी ऑफिसात खिळा नाही मारत बेटा. भिंत दुसऱ्याची आहे."

"मग कधी मारायचा?"

"कायम झाल्यावर."

दोन्ही खिळे त्यांनी माझ्या हातातून घेतले, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळले आणि आपल्या टेबलाच्या खणात ठेवून दिले. मला हसू आलं. नव्या नोकरीत माणसाला पहिले आठ दिवस सगळ्याचंच हसू येतं.

गाव त्यांना प्रभारी म्हणायचं. नाव होतं, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. बऱ्हाणपुरात तापी नदीवर नजर ठेवायला सरकारनं एक नदी प्रकोष्ठ, म्हणजे नदीपुरता वेगळा कक्ष, काढला, त्याला एक साहेब मंजूर केला, आणि तो साहेब काही आला नाही. तोवर तुम्ही बघा, म्हणून यांना खुर्चीत बसवलं. 'तोवर' काही संपला नाही आणि हे प्रभारीच राहिले. शिक्षण म्हणाल तर आयटीआयचं सर्व्हेयरचं सर्टिफिकेट, वय पन्नाशीच्या पुढे, घर केळीवाल्या शेतकऱ्याचं, गाव नदीच्या खालच्या अंगाला, महाराष्ट्राच्या हद्दीजवळ. प्रकोष्ठात आम्ही तिघंच. प्रभारी, होडी चालवणारे चाचा आणि मी. माझे वडील कागद कारखान्यात होते, मी बी.एस्सी. झालेली, लग्न करून बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात आलेली. इतक्या भांडवलावर मी नदीच्या नोकरीत शिरले.

काम सांगायला सोपं होतं. रोज पाण्याचे नमुने घ्यायचे, पातळी मोजायची, कुठल्या नाल्यातून काय येतं ते बघायचं, आणि महिन्याला वर अहवाल पाठवायचा. प्रकोष्ठाची मंजुरी मात्र एकेका वर्षाची. मार्च संपला की आम्ही संपलो. पुढच्या वर्षाची मुदतवाढ भोपाळहून आली की पुन्हा जिवंत. ही मुदतवाढ वेळेवर कधी आली नाही. एप्रिलच्या मध्यावर यायची, एकदा तर आंबे संपत आले तेव्हा आली. मधल्या दिवसांत आमचं ऑफिस कागदावर नसायचं. दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात लोक असे दिवस पंख्याखाली बसून काढतात. आमचे प्रभारी नोंदवह्या लाल फडक्यात बांधायचे, किटली बादलीत ठेवायचे, आणि स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसायचे. हजेरीवर सही नाही, ऑफिसचा चहा नाही, खुर्ची नाही.

"आज आपण नाहीयोत," ते शांतपणे सांगायचे.

"मग मी घरी जाऊ?"

"नदी आहे ना."

त्या दिवसांच्या नोंदी ते घरून आणलेल्या शाळेच्या वहीत करायचे, कारण नसलेल्या ऑफिसच्या वहीत लिहायचा आपल्याला हक्क नाही असं त्यांचं मत होतं. मुदतवाढ आली की ती पानं खळ लावून मोठ्या वहीत चिकटवायचे. पहिल्या वर्षी मी त्यांना वेडं समजले. दुसऱ्या वर्षी चिडले. तिसऱ्या वर्षी मार्चअखेर मी आपणहून किटली बादलीत ठेवली, आणि ते घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, तुलापण त्या ऑफिसची हवा लागली.

अकरा वर्षांत आमचं बिऱ्हाड तीन जागी फिरलं. आधी राजपुऱ्यातल्या एका बंद शाळेत, मग पाण्याच्या टाकीशेजारी, मग शनवारा दरवाज्याजवळ एका गोदामाच्या माडीवर. दर वेळी अर्ध्या तासात सगळं हातगाडीवर. भिंतीवरून काढायचं काही नव्हतंच. फलक तेवढा मोठा होता. त्यावर 'नदी प्रकोष्ठ' आणि खाली बारीक अक्षरांत 'अस्थायी'. गाडीवर तो फलक ते स्वतः धरून चालायचे, अक्षरं आपल्या अंगाकडे करून. एवढी एक लाज त्यांना होती.

सकाळी सहाला ते राजघाटावर असायचे. खांद्याला खाकी पिशवी. तिच्यात तीन बाटल्या, खुणा केलेली दोरी, आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक पांढरी बशी. साधी चहाची बशी, जिचा कप कधीच फुटलेला. गुडघाभर पाण्यात उतरून ते बशी भरून आणायचे, पायरीवर ठेवायचे आणि तिच्यासमोर उकिडवे बसून बघत राहायचे. बाटल्यांमधलं पाणी तपासणीला जाऊन त्याचे आकडे चार दिवसांनी यायचे. बशी तिथल्या तिथे बोलायची. आमचं गाव मागावाल्यांचं. सूत रंगवायच्या भट्ट्या गल्लीबोळांत, आणि त्यांचं पाणी नाल्यातून शेवटी नदीलाच. पातळी वगैरे लिहून झाली की शेऱ्याच्या रकान्यात ते बशीत दिसलेलं लिहायचे. 'आज फिका चहा.' 'आज ताक. वर कुठे पाऊस झाला.' 'आज जांभळं. लग्नसराई.' 'आज वास आहे, रंग नाही. रंग असता तर बरं होतं.'

आणि हत्ती. राजघाटासमोर नदीच्या पात्रात दगडाचा एक हत्ती आहे. गावातली माणसं पूर त्याच्यावरच मोजतात. प्रभारी मीटरमधे पातळी लिहायचे आणि शेजारी 'हत्ती गुडघ्यापर्यंत', 'हत्ती पोटापर्यंत' असंही लिहायचे. एका पावसाळ्यात अहवालात ती ओळ तशीच वर गेली: हत्ती पाठीपर्यंत पाण्यात, बाहेर फक्त डोकं. दुसऱ्या दिवशी वरच्या ऑफिसातून फोन. हत्तीला काढायची काय व्यवस्था केली, जंगलवाल्यांना कळवलं का? प्रभारींनी अतिशय अदबीनं उत्तर दिलं, "नहीं साहब. उसको आदत है." आणि फोन ठेवून पुढचं काम करायला लागले. चाचा दिवसभर हसत होते. प्रभारींना मात्र यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

रंगवाल्यांकडे ते नोटीस घेऊन जात नसत, बशी घेऊन जात. नाल्याच्या तोंडाशी भरलेली बशी दोन्ही हातांत धरून, न सांडता, गल्लीतून चालत. भट्टीच्या दारात ती खाली ठेवायची आणि म्हणायचं, "बघ भाऊ, हा तुझा." बस. मग तो जो चहा देईल तो प्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचं, आणि निघताना बशी तिथेच ओतून यायची. लोक चेष्टा करायचे. पण दारात कुणी आपलाच रंग आणून ओतला की घरातल्या बायकांना ते आवडत नाही. चार-पाच भट्ट्यांवर पाणी निवळायचे खड्डे झाले ते त्या बायकांमुळे. सगळ्यांवर झाले नाहीत. नदी काही आमच्यामुळे चकचकीत झाली वगैरे नाही, हे मी आधीच सांगून टाकते.

त्यांच्या वहीतली मला सगळ्यात जास्त आठवणारी नोंद मात्र वेगळीच आहे. त्यांच्या बायकोला एकदा इंदूरला दवाखान्यात न्यावं लागलं. चाचा गावी गेलेले, मला ताप. तीन सकाळी घाटावर कुणीच गेलं नाही. परत आल्यावर त्यांनी त्या तीन दिवसांपुढे लिहिलं: 'आलो नाही. माहीत नाही.'

मी म्हटलं, "सर, आधीचं पाणी अन् नंतरचं पाणी सारखंच आहे. मधलं भरून टाका ना. वर कोण बघतंय?"

"मधल्या तीन दिवसांत नदीनं काय केलं, तुले ठाऊक?"

"नाही."

"मलेही नाही," ते म्हणाले आणि वही मिटली.

या माणसाला एकच गोष्ट हवी होती. प्रकोष्ठ कायम व्हावा. स्वतःसाठी नव्हे, हे मी शपथेवर सांगीन. मुदतवाढीचं पत्र आलं की बाकीचे आनंद करायचे, प्रभारी ते वाचून खाली ठेवायचे आणि विचारायचे, "अन् आपण तिघं गेलो की? सकाळी सहाला इथं कोण येणार?" चाचा म्हणायचे, "अल्लाह मालिक है." प्रभारी म्हणायचे, "अल्लाह को बशी पकड़ना कौन सिखाएगा?" आणि दोघं आपापल्या चहाकडे वळायचे.

म्हणून दरवर्षी कायम करण्याचा प्रस्ताव जायचा. ते बोलायचे, मी टाइप करायची. वरून काहीतरी हरकत काढून तो परत यायचा, आणि आम्ही पुन्हा लिहायचो. त्या प्रस्तावात एक पान भरतीच्या नियमांचं होतं: कुठल्या पदाला कसा माणूस हवा. प्रभारीच्या जागेपुढे त्यांनी सांगितलं, "लिही. इंजिनियरिंगची पदवी. वय चाळिसाच्या आत. पोहता आलं पाहिजे."

माझी बोटं थांबली. "सर, मग तुम्ही?"

"मी काय?"

"पदवी नाही तुमच्याकडे. अन् वय."

"माझ्यासाठी नोकरी काढून राहिलो का मी? नदीसाठी माणूस काढून राहिलो. माझे गुडघे गेले. पुरात उतरता नाही येत आता. आकडे विचारले की वर फोनवर मी गप्प बसतो. लिही तू."

मी म्हटलं, निदान 'अनुभवाला सूट' असं तरी घालू. ते म्हणाले, एका माणसासाठी नियम केला की मग तो नियम राहत नाही. मी टाइप केलं. माझ्या हातांनी टाइप केलं. आजही त्या पानाची आठवण आली की मला स्वतःच्या बोटांचा राग येतो.

नमुने घेणाऱ्याच्या जागेपुढेही 'पोहता आलं पाहिजे' होतं, आणि ती जागा म्हणजे मी. मला पोहता येत नव्हतं. आदल्या वर्षी नावेतून बाटली भरताना मी पाण्यात पडले होते आणि चाचांनी मला वेणीला धरून वर ओढलं होतं. हा नियम त्या वेणीतून आला होता. मग काय, चौतिसाव्या वर्षी माझं पोहणं सुरू झालं. सलवार-कमीज घातलेली मी, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक नावेत चाचांच्या हाती, आणि घाटावर प्रभारी उभे, हातात वही. कपडे धुणाऱ्या बाया हसून हसून लोळायच्या. एक म्हणाली, "अगं बाई, म्हैस बरी तरंगते." प्रभारींनी तिच्याकडे वळून अगदी गंभीरपणे सांगितलं, "म्हशीला कुणी शिकवत नाही, म्हणून तिला वेळ लागत नाही. हिला लागेल." मला दीड महिना लागला. ज्या दिवशी मी दोर सोडून हत्तीपर्यंत जाऊन त्याच्या सोंडेला हात लावून परत आले, त्या दिवशी शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'आज ताक. सहायक पोहली.'

आणि मग एका वर्षी खरंच समिती येणार म्हणून पत्र आलं. प्रकोष्ठ कायम करायचा की बंद, ते घाटावर येऊन, बघून ठरवणार.

प्रभारींनी ठरवलं की समितीला दोन बशा दाखवायच्या. एक नदीच्या उगमाची, एक आपल्या घाटाची. बघा, वर काय जन्मतं आणि इथे काय होतं. म्हणून रोज कुणीतरी इथे हवं. उगमाचं पाणी आणायला ते स्वतः मुलताईला निघाले. तीन दिवस ऑफिस माझ्यावर आणि चाचांवर सोडलं.

आम्ही दोघांनी जे केलं ते कुठल्याही घरात पाहुणे येणार म्हटलं की करतात तेच होतं. घाट झाडून घेतला. चाचांच्या ओळखीच्या केळीवाल्यानं दोन खांब पाठवले, ते पायऱ्यांच्या तोंडाशी बांधले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी भट्टीवाल्यांच्या गल्लीत गेले. दारोदार हात जोडले. म्हटलं, भाऊ, दोन दिवस भट्टी बंद ठेवा, आमच्या सरांच्या आयुष्याचा प्रश्न आहे. चाचा मागे उभे राहून "दो ही दिन की बात है मियाँ" म्हणत होते. आणि ज्यांनी अकरा वर्षं बशीची चेष्टा केली ते सगळे एका शब्दात हो म्हणाले. "परभारी साब के लिए तो चार दिन बंद रखेंगे," एक जण म्हणाला. मला तिथेच रडू आलं होतं. आपण केवढं मोठं काम केलं असं वाटत होतं.

समितीच्या दिवशी प्रभारी गाडीतून उतरून थेट घाटावर आले. समितीच्या मुख्य एक मॅडम होत्या, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. बरोबर फायली घेतलेले तिघं-चौघं. प्रभारींनी एका पायरीवर दोन बशा ठेवल्या. एकीत मुलताईचं पाणी ओतलं. दुसरी घेऊन ते पाण्यात उतरले, भरून आणली, शेजारी ठेवली.

दोन्ही बशा सारख्याच पांढऱ्या दिसत होत्या.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. ते मला अजून दिसतं आणि अजून लाज वाटते. त्यांना वाटलं, नदी सुधारली. त्यांनी ती बशी ओतली, पुन्हा भरून आणली. पुन्हा ओतली, पुन्हा भरली. मग नाकाजवळ नेली. मग मान वळवून नाल्याच्या तोंडाकडे बघितलं. नाला कोरडा होता. मग केळीच्या खांबांकडे बघितलं, आणि शेवटी माझ्याकडे. मी माझ्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत होते.

मॅडम खूश होत्या. "बहुत अच्छा काम किया है आप लोगों ने. दोनों में कोई फ़र्क़ ही नहीं है."

फाइलवाल्यांपैकी एक जण पुढे झाला. "मैडम, फिर तो उद्देश्य पूरा हो गया. समापन लिख दें?"

समापन म्हणजे बंद. नदी आजारी म्हणून प्रकोष्ठ, आणि मी नदीला दोन दिवसांत बरं करून बसले होते.

प्रभारींनी पिशवीतून वही काढली, पायरीवर बसले, पातळी लिहिली, मग शेऱ्याच्या रकान्यात एक ओळ लिहिली आणि वही तशीच उघडी मॅडमच्या हातात दिली.

मॅडमनी वाचलं. "आज पाणी स्वच्छ. कारण, पाहुणे." त्यांनी वर बघितलं. "पाहुणे मतलब?"

"मेहमान, मैडम. आप लोग."

फाइलवाला तापला. म्हणाला, म्हणजे हे दाखवण्यापुरतं केलंय, समितीला फसवलंय, कुणी केलं हे? मी तोंड उघडलं. पण त्यांनी माझ्याकडे न बघताच हातानं थांबवलं आणि म्हणाले, "प्रभारी मैं हूँ."

मॅडम मात्र वही चाळत होत्या. एक पान, दुसरं पान, मग मागचा महिना, मागचं वर्ष. पायरीवर बसल्याच त्या. चहा आणला होता तो निवून गेला. मधेच त्यांनी विचारलं, "ये रोज़ लिखते हैं? इतवार को भी?"

"इतवार को रंगाई ज़्यादा होती है, मैडम."

त्या हसल्या नाहीत. वाचत राहिल्या. एका पानावर थांबून बोट ठेवलं. मी वाकून बघितलं. ती तीन दिवसांची नोंद होती. 'आलो नाही. माहीत नाही.' त्यांनी विचारलं, "ये तीन दिन?" प्रभारींनी सांगितलं, बायको दवाखान्यात होती. मॅडमनी वही मिटून परत दिली. समापन लिहू नका, एवढं सांगितलं आणि त्या गेल्या.

मला ओरडा पडेल असं वाटलं होतं. तो पडला असता तर बरं झालं असतं. केळीचे खांब सोडवताना ते एवढंच म्हणाले, "डॉक्टर घरी आला, अन् तू आजारी माणसाले पावडर लावून बसवलं." मग थोड्या वेळानं, "भट्टीवाले खरंच थांबले का दोन दिवस? कुणी नाही म्हटलं नाही?" मी म्हटलं, नाही. तुमचं नाव घेतलं आणि थांबले. केळीचा खांब खांद्यावर घेऊन घाट चढताना ते मधेच उभे राहिले आणि उपरण्यानं डोळे पुसले. चाचा म्हणाले, धूळ गेली असेल. गेलीही असेल.

दीड-दोन महिन्यांनी मॅडम पुन्हा आल्या. कुणालाही न कळवता, एकट्या, सकाळी सहाला. त्या दिवशी बशीत गर्द जांभळं होतं. त्या दिवशीच्या शेऱ्यात फक्त 'जांभळं' आहे. पाहुण्यांचा उल्लेख नाही, कारण त्यांच्यामुळे पाणी बदललं नव्हतं.

प्रकोष्ठ कायम झाला. आदेश आला तेव्हा चाचांनी शनवाऱ्यातून मावा जिलेबी आणली आणि फलकावरचं 'अस्थायी' पुसायला पेंटर बोलावला. त्यानं वरून एक हात दिला. पाऊस पडून फलक ओला झाला की अजून ती अक्षरं खालून दिसतात. आदेशाबरोबर भरतीचे नियम होते. आम्ही पाठवलेलं पान जसंच्या तसं, एका अक्षराचा बदल नाही. इतकी वर्षं प्रत्येक ओळीवर हरकत काढणाऱ्यांना त्या पानावर एकही हरकत सुचली नाही. मी पदवीवाली, वयात बसणारी, पोहता येणारी. मी कायम झाले. चाचांना नावाड्याच्या जागेवर घेतलं. प्रभारीपदावर एक हुशार, तरुण इंजिनियर आला, चांगला मुलगा आहे, माशासारखा पोहतो.

शेवटच्या दिवशी आमच्या जुन्या प्रभारींनी वह्या, कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, सगळं त्या मुलाच्या ताब्यात दिलं. मग आपल्या टेबलाचा खण उघडून वर्तमानपत्राची पुडी काढली. अकरा वर्षांनी मी ते खिळे बघत होते. थोडे गंजले होते. हातोडी त्यांनी खालच्या गोदामातून मागून आणली होती.

"घे. मार."

"तुम्ही मारा ना सर."

"कायमच्या माणसानं मारायचा."

मला नीट दिसत नव्हतं, त्यामुळे पहिला खिळा वाकला. दुसरा गेला, पण तिरपा, आणि भिंतीचा मूठभर गिलावा खाली आला. ते जवळ येऊन बघून गेले. बोटानं हलवून बघितला. मी टेबलावरचं घड्याळ उचललं. त्यांनी मानेनं नाही म्हटलं, खांद्यावरची खाकी पिशवी काढली आणि खिळ्यावर टांगली. त्या पिशवीशिवाय मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. एक खांदा किंचित खाली उतरलेला होता, तो तसाच राहिला होता.

दारातून वळून ते म्हणाले, "सहा म्हणजे सहा. तुमचं घड्याळ मागे आहे." आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी घाटावर पिशवी उघडली. तीन बाटल्या होत्या, दोरी होती, टॉवेलात गुंडाळलेली बशी होती. पण बशी नवी. खाली दुकानाची चिकटपट्टी अजून तशीच. जुनी त्यांनी नेली होती.

आता ते आपल्या गावी असतात, केळीत. त्यांचं शेत नदीला लागून आहे. आमच्या घाटावरून सकाळी निघालेलं पाणी त्यांच्याकडे पोहोचायला काही तास लागतात. कधीतरी उन्हं कलल्यावर फोन येतो. नमस्कार नाही, कशी आहेस नाही.

"सकाळी काय लिहिलं?"

"फिका चहा, सर. हत्ती गुडघ्यापर्यंत."

"हं," म्हणतात आणि फोन ठेवतात.

मागच्या हिवाळ्यात माझ्या मुलीला शाळेत चक्कर आली म्हणून रात्र दवाखान्यात गेली, आणि सकाळी मी घाटावर पोहोचले नाही. नवे प्रभारी बैठकीला गेलेले, चाचा तर आता सहाला उठतही नाहीत. दुपारी मी ऑफिसात वही समोर घेऊन बसले होते. आदल्या दिवशी फिका चहा, त्याच्या आदल्या दिवशी फिका चहा. आजही तेच असणार. पेन उचललं आणि फोन वाजला.

"सकाळी काय लिहिलं?"

माझ्या तोंडात शब्द तयार होता. भिंतीवर पिशवी लटकत होती, त्या तिरप्या खिळ्यावर. मी म्हटलं, "गेले नव्हते, सर. माहीत नाही."

त्यांनी विचारलं, "पोरगी बरी आहे?" त्यांना कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही. मी म्हटलं, बरी आहे.

"आमच्याकडे फिका चहा होता," ते म्हणाले. "पण ते इथलं. तुझ्या वहीत लिहू नको."

मी लिहिलं नाही.